साहेब काय म्हणाले

देवळाच्या उत्तरेच्या भिंतीला लागून दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी, एवढ्या जागेत मी वाढले. चर्चला आमच्या गावात देऊळच म्हणायचे, आणि आजही मला तोच शब्द जवळचा वाटतो. मधली भिंत मातीची होती, त्यामुळे देवळातलं सगळं घरात ऐकू यायचं आणि घरातलं देवळात. उपासना चालू असताना आईच्या हातून तवा पडला, तर बायांच्या सतरंजीवर खुसखुस व्हायची आणि बाबा प्रार्थनेतच जरा थांबायचे. पहाटे मला जाग यायची ती बाबांच्या आवाजानं. ते रिकाम्या देवळात उभे राहून ऐतवारचा उपदेश मोठ्यानं म्हणून बघायचे. तेच वाक्य दोन तऱ्हेनं, तीन तऱ्हेनं, कुठलं पौलसकाकाला कळेल आणि कुठलं नाही याचा अंदाज घेत. पौलसकाका म्हणजे आमच्या मंडळीच्या, देवळाच्या सभासदांच्या, पंचांपैकी एक. उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचण्यात गेलेला, अक्षरओळख नाही, पण उपदेशात काही कळलं नाही तर मध्येच हात वर करून विचारणारा हा एकच माणूस. बाबा म्हणायचे, पौलसच्या डोक्यात उतरलं म्हणजे सगळ्यांच्या उतरलं.

बाबांचं नाव दानियल. गावात सगळे त्यांना दानियल मास्तर म्हणत, कारण आधी ते मिशनच्या शाळेत शिकवायचे. शाळा बंद पडली, मास्तर हे नाव तेवढं राहिलं, आणि बाबा मंडळीचे प्रचारक झाले. प्रचारक म्हणजे पाळक नव्हे. प्रचारकानं उपदेश करावा, आजाऱ्याजवळ बसावं, मेलेल्याला माती द्यावी. पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटायचा विधी, त्याच्या हातून होत नसे. त्यासाठी दीक्षा घेतलेला पाळक लागायचा, आणि तो आमच्याकडे क्वचितच यायचा. आमचं गाव भीमपूरकडचं, पैनगंगेच्या काठावरचं, आणि पाळक राहायचे निर्मलला. त्यात ते तेलुगू बोलणारे. ते आले की बाबा त्यांच्या शेजारी उभे राहून एकेक वाक्य मराठीत सांगायचे. नदीपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलुगू मुलखात आम्ही. भाषा दोन्हीकडे एकच, पण सरकार, शाळा आणि चर्चचं ऑफिस यांनी आमचं तोंड तेलुगूकडे वळवलेलं. मीही भैंसाला आत्याकडे राहून तेलुगू माध्यमात शिकत होते. त्यामुळे बाबांनी मराठीत सांगायच्या आधीच मला वाक्य कळायचं, आणि बाबा ते कसं फिरवून सांगतात हे बघण्यात मला मोठी मौज वाटायची.

हे सांगते आहे ते नवं देऊळ झालं त्या हिवाळ्याचं. जुन्या मातीच्या भिंती एका पावसाळ्यात बसल्या आणि मंडळीनं ठरवलं की आता दगडाचंच बांधायचं. कापसाच्या वेचणीवरून आलेल्या बाया संध्याकाळी नदीतून वाळू डोक्यावर आणायच्या. पौलसकाकाच्या देखरेखीखाली चुना भिजायचा. आमच्या दोन खोल्याही त्यातच नव्यानं उभ्या राहिल्या. आईनं स्वतः त्यांची जमीन चोपली आणि चुलीसाठी कोपरा निवडला, धूर देवळात जाणार नाही असा. दोन वर्षं गेली त्यात. मग देवळाच्या प्रतिष्ठेसाठी, म्हणजे ते देवाला अर्पण करायच्या विधीसाठी, बिशपसाहेबांना बोलवायचं ठरलं, आणि त्याच वेळी पंचांनी आणखी एक विनंती केली: आमच्या मंडळीला आता कायमचा पाळक द्यावा. कोणाचं नाव त्यांनी घातलं नाही, घालायची गरजच कोणाला वाटली नाही. दानियल मास्तर होतेच की. साहेब येतील, बाबांच्या डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतील आणि त्या दिवसापासून प्रभुभोजनासाठी निर्मलच्या वाटेकडे बघायला नको, असं साऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं. बाबा यावर काही बोलत नसत. पण त्या महिन्यात पहाटे देवळातून येणारा त्यांचा आवाज मला वेगळा वाटायचा. ते प्रभुभोजनाच्या वेळचे शब्द म्हणून बघत होते, अगदी हळू, कोणी ऐकू नये असे.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आमच्या पडवीत बायांची दाटी झाली. कोणी तांदूळ निवडत होतं, कोणी लसूण सोलत होतं. एरवी आमच्याकडे भाकरी, भात सणाला. पण पाहुणे तेलुगू, त्यांना भाताशिवाय जेवण जेवण वाटत नाही, म्हणून भैंसाहून चांगला तांदूळ आणवला होता. आईनं अंबाडीची भाजी करायचं ठरवलं तेव्हा बाया हसल्या. साहेबाला कोणी अंबाडी वाढतं का? आई म्हणाली, "वाढतं. त्यायच्याकडं बी खातात, नाव वेगळं असन." तिनं पानं खुडताना मला शेजारी बसवलं आणि हळूच म्हणाली, "उद्या तुया बापाले माळ घालतीन तवा रडजो नको मातर. मी बी नाही रडनार."

सकाळी जीप आली. घंटेच्या जागी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर घण पडून ठणठणाट झाला, ढोलकी आणि झांजा निघाल्या, आणि मंडळी भजन म्हणत वेशीपर्यंत गेली. आमची भजनं अभंगाच्या चालीवरची. तेलुगू मंडळ्यांत तसं गात नाहीत, त्यामुळे पाहुणे कौतुकानं बघत राहिले. बिशपसाहेब उंच, सावळे, शांत चेहऱ्याचे. सोबत त्यांच्या पत्नी, त्यांना सगळे अम्मागारू, म्हणजे आईसाहेब, म्हणत, आणि निर्मलचे पाळक. साहेबांनी वेशीतच चपला काढल्या आणि देवळापर्यंत अनवाणी आले. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना गर्विष्ठ समजू नये. ते तसे नव्हते.

प्रतिष्ठेची उपासना झाली. नव्या भिंतींना अजून चुन्याचा वास होता. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, मी बायांमध्ये पुढेच, आईच्या शेजारी. साहेब उपदेशाला उभे राहिले आणि त्यांच्या डाव्या हाताला बाबा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हात पाठीमागे बांधलेले. साहेबांचं वाक्य, मग बाबांचं. साहेब बोलले ते मंदिर बांधणाऱ्यांबद्दल. बाबांनी ते असं सांगितलं की वाळू वाहिलेल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. सगळं सुरेख चाललं होतं. मग साहेब म्हणाले की तुमची विनंती आम्ही मान्य केली आहे, तुम्हाला पाळक देतो आहोत. बाबांनी सांगितलं. बायांच्या बाजूनं "हालेलुया" असा आवाज उठला. आईनं माझा हात धरला.

पुढचं वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं. साहेब तेलुगूत म्हणाले की सेमिनरीत शिकलेला एक तरुण पाळक वरंगलकडून तुमच्याकडे येतो आहे, तो या घरात राहील; आणि तुमच्या दानियलगारूंना आम्ही विश्रांती देतो आहोत.

विश्रांती हा शब्द तेलुगूत तोच आहे, मराठीत तोच. त्यामुळे बाबांनी तोंड उघडायच्या आधीच तेवढा एक शब्द सगळ्या देवळाला कळला होता, फक्त कोणाला आणि कशाची, ते कळलं नव्हतं. लोक बाबांकडे बघत होते. बाबा साहेबांकडे बघत होते. साहेबांना वाटलं वाक्य लांब झालं, म्हणून त्यांनी तेच पुन्हा सावकाश सांगितलं.

त्या क्षणी मी मनातल्या मनात बाबांना विनवत होते की काहीतरी दुसरंच सांगा. सांगा की साहेब देवळाची स्तुती करत आहेत. आपल्या मंडळीत तेलुगू कळणारी तुमच्याशिवाय फक्त मीच आहे, आणि मी कोणाला काही सांगणार नाही.

बाबांनी समोरच्या तांब्यातलं पाणी घेतलं, एक घोट. मग मंडळीकडे तोंड करून, पौलसकाकाच्या डोक्यात उतरेल अशा बोलीत, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "साहेब म्हनून राह्यले का आपल्याले पाळक भेटला. जवान हायेत, शिकलेले हायेत, वरंगलकडचे हायेत. ते इथं या घरात राहतीन. अन् दानियल मास्तरनं लय वर्सं सेवा केली, आता त्यायले विश्रांती."

त्यायले. स्वतःला असं परक्या माणसासारखं म्हणाले ते. दुभाष्यानं असंच म्हणायचं असतं, ते चुकीचं नव्हतं. पण आईनं माझा हात सोडून पदर डोक्यावर ओढला.

साहेब बोलत राहिले. दानियलगारूंचं शिक्षण फार नाही, तरी त्यांनी निष्ठेनं मंडळी सांभाळली. "मास्तरचं शिक्षण जास्त नाही," बाबांनी सांगितलं, "तरी त्यायनं इमानानं मंडळी सांभाळली, असं साहेब म्हनतात." मग साहेबांनी शाल मागवली, बाबांच्या खांद्यावर घातली आणि हसून मंडळीला म्हणाले की यांच्यासाठी टाळ्या वाजवा. बाबा शाल घेऊन उभे. तेही त्यांनाच सांगायचं होतं.

"टाळ्या वाजवा म्हनतात साहेब."

कोणी वाजवल्या नाहीत. पौलसकाकानं हात वर केला, जसा नेहमी करायचा, आणि विचारलं, "मास्तर, समजलं नाही मले. दानियल मास्तर म्हंजे तुमीच ना?"

"मीच," बाबा म्हणाले. "वाजवा, पौलस. साहेब थांबून राह्यले."

पौलसकाकानं टाळी वाजवली. मग एकेकानं. आयुष्यात मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या, माझ्या निरोपसमारंभालाही वाजल्या, पण तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. पाऊस थांबल्यावर झाडावरून थेंब पडावेत तसा, तुटक.

उपासना संपली आणि जेवण वाढायचं होतं. आईनं वाढलं. भात गरम होता, रस्सा गरम होता, पानात काही कमी नव्हतं. अम्मागारूंनी अंबाडीची भाजी चाखली आणि त्यांचा चेहरा उजळला. आमच्याकडेही ही करतात, अगदी अशीच, असं त्या म्हणाल्या. मी ते आईला सांगितलं. आईनं मान हलवली. मग अम्मागारूंनी मला विचारलं, तुझ्या आईला बरं नाही का? तिचे डोळे लाल दिसतात.

मी आईला विचारलं. आई वाटी खाली ठेवून उभी राहिली. बाबा पुरुषांच्या पंगतीत साहेबांच्या शेजारी बसले होते, त्यांनी मान वर केली. आई म्हणाली, "सांग त्यायले, मी बरी हाय. अन् इचार, हे घर त्या पाळकाले देल्यावर आमी जाचं कुठी?"

"एस्तेर," बाबा दबक्या आवाजात आईला म्हणाले.

"पोरगी सांगन. तिले येते भाषा."

आता सगळे माझ्याकडे बघत होते. घरात आलेल्या पाहुण्याला जेवता जेवता असं विचारायचं नसतं, हे मला शिकवलेलं होतं. मी सहज म्हणू शकले असते की आई बरी आहे, उन्हानं डोळे लाल झाले. घटकाभरापूर्वी बाबांकडून मला तेच तर हवं होतं. पण बाबा त्या शालीत ताठ बसलेले समोर दिसत होते. मी तेलुगूत सांगितलं, आईनं म्हटलं तसं, एक शब्द कमी न करता.

अम्मागारूंचा हात पानातच थांबला. त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी पान बाजूला सारलं. मग त्यांनी निर्मलच्या पाळकांना विचारलं, मास्तरांचं नदीपलीकडे घर आहे, शेत आहे, आणि त्यांनी स्वतःच विश्रांती मागितली आहे, असं मला सांगितलं होतं ना? पाळकांनी खाली बघितलं. त्यांना तसं कोणाकडून तरी कळलं होतं. नदीपलीकडे माझ्या मामाचं घर होतं, आणि शेतही मामाचंच. बाबांचं काही नव्हतं.

साहेब पानावरून उठले, हात धुतले आणि आईसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी जे सांगितलं ते बाबांनी नाही, मीच मराठीत सांगितलं: मला माहीत नव्हतं. नेमणूक झाली आहे, ती मला आता फिरवता येणार नाही. पण तुमची सोय होईपर्यंत तुम्हाला या घरातून कोणी उठवणार नाही. आणि मला क्षमा करा. आई ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच म्हटलं, "बसा म्हनाव. जेवन अर्धं टाकू नये."

जीप गेली आणि पंच आमच्या पडवीत आले. सगळ्यांच्या वतीनं पौलसकाका बोलले. देऊळ आमी बांधलं, त्याले कुलूप आमी लावतो. तो पाळक आला तसा वापस जाईन. नाहीतर नदीपल्याडच्या मिशनले जाऊ, तिथं सारे मराठीच हायेत. तुमी फक्त हो म्हना. मला वाटत होतं बाबांनी हो म्हणावं. आईलाही वाटत असावं, ती दारातून हलली नाही.

बाबांनी शालीची घडी करून बाजूला ठेवली. "पाळक आपन मागितला," ते म्हणाले. "मागितला का नाही? मंग भेटला तर कुलूप लावता? त्या पोराची काय चूक हाय? अन् मायासाठी मंडळी फुटली तर मी एवढी वर्सं केलं काय?" पौलसकाका रडू लागले. बाबा त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबा विहिरीवर पाणी शेंदत होते तेव्हा मी त्यांना विचारलंच. "बाबा, तुमी काऊन सांगितलं ते? दुसरं काही सांगितलं असतं तर कोनाले समजलं असतं?"

बाबांनी बादली काठावर टेकवली. "लीले, येशू ज्या भाषेत बोलला ती भाषा मले येते का? नाही येत. पौलसले तर वाचता बी येत नाही. कोनीतरी त्याचं बोलनं आपल्या भाषेत आनलं, अन् खरं आनलं, असं मानून चाललो आपन. काल मी माया सोयीनं बदललं असतं, तर आजपर्यंत उभं राहून जे सांगितलं त्याचं काय?" मग बादली उचलत म्हणाले, "तुयी माय इचारत होती तवा तू बी खरंच सांगितलं ना."

मी पुढे शाळेत भाषा शिकवल्या, मराठी आणि तेलुगू दोन्ही. भाषांतराचा धडा घेताना मुलांना नियम सांगायचे, पण विहिरीवरचं हे बोलणं कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आवाज नीट राहिला नसता.

बाबांनी घर रिकामं करायला फार दिवस लावले नाहीत. मामांनी बैलबंडी पाठवतो म्हटलं होतं, त्यांच्या गोठ्याशेजारची खोली आम्हाला दिली होती. बाबा तिथेच शेवटपर्यंत राहिले. मुलांच्या शिकवण्या घ्यायचे आणि संध्याकाळी ओट्यावर चार घरची माणसं जमवून प्रार्थना करायचे. नवे पाळक त्यांच्याकडे नदी ओलांडून मराठी शिकायला यायचे, कित्येक महिने. ते सगळं नंतरचं. निघायच्या वेळी मात्र आईचं एकच म्हणणं होतं: ते लोक यायच्या आत आपण गेलेलं बरं. मी त्यांचं तोंड बघणार नाही. किल्ली पौलसजवळ द्या.

पण ते आले. आमची बंडी भरून झाली होती, आई वर गाठोड्यांमध्ये पाठ फिरवून बसली होती, मामा बैल जुंपत होते, आणि फाट्यावरून चालत एक तरुण माणूस डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन आला. मागे त्याची बायको, अगदी पोरसवदा, काखेत लेकरू. रात्रभराच्या प्रवासानं तिघंही धुळीनं माखलेली. त्यानं पेटी खाली ठेवली आणि वाकून बाबांच्या पायाला हात लावला. बाबांनी त्याला उठवलं आणि तेलुगूत म्हणाले, या, घर झाडून ठेवलं आहे.

लेकरू रडत होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता, तरी थांबेना. ती पोरगी त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती आणि स्वतःही रडायच्या बेतात आली होती. आईनं वळून बघितलं नाही. मामांनी कासरा हातात घेतला. बैलांनी एक पाऊल टाकलं असेल नसेल, आई म्हणाली, "थांब रे."

ती खाली उतरली. त्या पोरीसमोर जाऊन तिनं लेकराच्या मानेवर बोटं फिरवली. घामोळं फुटून लाल झालं होतं. "लीले, इचार तिले, आंघोळ कवा घातली होती याले."

मी विचारलं. ती पोरगी मान खाली घालून म्हणाली, परवा सकाळी. घरून निघताना सासूनं घातली होती. मला अजून नीट जमत नाही.

आईनं ते ऐकलं, आणि बंडीवरचं एक गाठोडं ओढून सोडलं. तेलाची बाटली काढली, जुनं लुगडं काढलं. सारवून ठेवलेली चूल पुन्हा पेटवली, तपेल्यात पाणी ठेवलं. पडवीत पाटावर पाय लांब करून बसली आणि लेकरू पायांवर पालथं घेतलं. पाठीवर तेल जिरवताना त्याचं रडणं उचकीवर आलं, मग उचकीही थांबली. ती पोरगी आईच्या शेजारी उकिडवी बसून तिच्या हातांकडे बघत होती. आईनं तिचा हात धरून लेकराच्या पाठीवर ठेवला आणि किती जोरानं चोळायचं ते तिच्या बोटांना दाखवलं. दोघींत बोलणं काहीच झालं नाही. मी जवळच उभी होते, मला कोणी काही विचारलं नाही.

मामांनी बाहेरून हाक मारली, "ताई, ऊन होऊन राह्यलं. नदी वलांडाची हाय."

"होऊ दे," आई म्हणाली. "लेकरू झोपलं का निघू."

लेकरू तिच्या पायांवरच झोपलं. तिनं त्याला लुगड्यात गुंडाळलं, पण उठली नाही. बाहेर बाबांनी बैल सोडले आणि त्यांच्यापुढे कडबा टाकला.